नवसाचं तिसरं वर्ष आणि मनगटावरचा चहाडखोर

ओरुरो, मे महिना, सकाळी नळ गोठलेले

प्रिय कोमाद्रे सेवेरा,

तुला घट्ट मिठी आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण मागच्या पत्रात तू स्वतःपेक्षा त्याच्याबद्दलच जास्त लिहिलं होतंस. कसा आहे तो? मी पाठवलेली लामाची चरबी चोळतेस, की सांतियागोच्या शेजारणी नाक मुरडतात म्हणून कपाटात लपवून ठेवलीस? चोळ गं बाई. नाकं त्यांची आहेत, गुडघा तुझा आहे. खरं तर रीतीप्रमाणे मी तुला 'तुम्ही' म्हणायला हवं. माझ्या लिंबर्तला बाप्तिस्म्याच्या दिवशी तू हातांवर धरलंस, तेव्हापासून आपण कोमाद्रे झालो आणि कोमाद्रेला मान द्यायचा असतो. पण जिने शाळेत माझ्या दोन्ही वेण्या बाकाला बांधून ठेवल्या, तिला 'तुम्ही' म्हणायला माझी जीभच वळत नाही. तेव्हा मान मनात आहे असं समज.

हे पत्र मी काही खास कारणाने लिहीत नाही, नुसती खुशाली. सोबतच्या पिशवीत चुन्यो आहे (या वर्षी रात्रीची थंडी कडक पडली, बटाटे गोठून मस्त वाळले), थोडं चार्के, लामाचं वाळवलेलं मांस आहे, आणि एक लाल फीत आहे, ती तूर्त बाजूला ठेव. तू म्हणशील, फोन का नाही केला? फोनवर माझा विश्वास उडालाय. माझा फोन हल्ली माझा राहिलेला नाही. त्याची एका घड्याळाशी जोडी जमलीय, आणि ती दोघं मिळून माझ्या पाठीमागे काय काय बोलतात ते ऐकशील तर कपाळाला हात लावशील. म्हणून कागद. कागद चहाडी करत नाही.

प्रकरण नोव्हेंबरात सुरू झालं. कार्निव्हलच्या नाचाची पहिली तालीम झाली की सगळे नाचणारे देवळात जाऊन सोकावोनच्या माउलीसमोर शब्द देतात, हे तुला मी काय सांगणार, अकरा वर्षं तू मोरेनादा नाचलीस. माझं हे नवसाचं तिसरं वर्ष. (दोन वर्षं नाचून तिसऱ्या वर्षी घरी बसायचं म्हणजे आधीची दोन पाण्यात, आणि वर माउलीचा अपमान.) शब्द देऊन बाहेर आले, कोपऱ्यावर बैलाच्या काळजाचे तुकडे काडीला लावून भाजत होते, म्हटलं खावी एक काडी. रांगेत उभी होते, आणि बैलाच्या काळजासमोर माझंच काळीज गडबडलं. डोळ्यांपुढे अंधारी आली नि मी खाली बसले ती बसलेच. डॉक्टर म्हणाला, ठोका चुकतोय. गोळी घ्या, चाला, फिरा, पण गिरक्या नकोत. एवढंच झालं. पण माझ्या शेजारच्या गाळ्यात मणी ओवणारी ती एदुविहेस, तिने माझी टोपी माझ्या डोक्यावर परत यायच्या आत लिंबर्तला फोन लावला होता. "पोरा, तुझी आई गेली होती, परत आली," असं म्हणाली ती त्याला. अशी बातमी देतात का गं कुणी?

लिंबर्त तर तुला माहीतच आहे. सांतियागोत लिफ्ट दुरुस्त करतो, सगळी दुनिया तारांवर लटकलेली आहे आणि कधीही तुटेल असंच त्याला वाटतं. तो म्हणाला, नाच बंद. मी म्हटलं, तुझ्या बापाने मला कधी काही बंद केलं नाही, तू कोण? तो म्हणाला, बाबा असते तर त्यांनी तुला खुर्चीला बांधलं असतं. (खोटं आहे. माझा फ्रॉइलान माझ्याआधी शूज घालून दारात उभा राहिला असता.) पंधरा दिवस आम्ही असे फोनवर भांडलो आणि शेवटी तह झाला. तो घड्याळ पाठवणार, मी ते मनगटावर बांधणार, ते माझ्या फोनशी जोडणार, आणि माझे ठोके सांतियागोत बसून तो बघणार. तालमीत आकडा एकशे चाळीसच्या वर गेला की नाच खलास, तो स्वतः नाचाच्या मुख्याला फोन करून माझं नाव काढायला सांगणार. मी मनात म्हटलं, घड्याळच ते, काटे आणि पट्टा. त्याला काय कळतंय!

घड्याळ आलं. काटे नाहीत. एदुविहेसने ते फोनला जोडून दिलं, आणि दोन तास फोन तिच्याच मांडीवर होता, तेवढ्यात तिने माझे सगळे जुने फोटो बघून घेतले. नवी वस्तू घरात आली की पाचामामाला, धरणीमायला तिचा घोट द्यायचा ही आपली रीत, ती मी कशी सोडणार? शुक्रवारी टेबलावर घड्याळ मधोमध ठेवलं, रंगीत कागदाचे तुकडे उधळले, कोकाची पानं ठेवली आणि चारी बाजूंनी बियर शिंपडली. एदुविहेसने तर बाटली हलवून फवाराच सोडला. पेटीवर लिहिलं होतं, पाण्याने बिघडत नाही. पाण्याने बिघडलंच नाही. पण बियरचे थेंब त्या काचेला आपली बोटं वाटली, आणि प्रत्येक थेंबाबरोबर ते आतलं काहीतरी दाबत गेलं. फेस पुसला तेव्हा ते कुठल्यातरी भलत्याच लिपीत बोलत होतं, एदुविहेस म्हणते कोरियन, मला तर चिमण्यांच्या पायांचे ठसे वाटले. चार दिवस ते मला त्या भाषेत रागावत होतं आणि मी मान डोलवत होते. एदुविहेसला युक्ती सापडेपर्यंत मला त्याची तशीच सवय झाली होती, समजत नाही तोवर माणूस निवांत असतो.

समजायला लागल्यावर मात्र त्याने माझ्या डोक्यावर मिरी वाटायला घेतली. उठा. श्वास घ्या. पाणी प्या. फार वेळ बसलात. अरे, भरतकाम करणारी बाई बसणार नाही तर काय उभ्याने झग्यावर ड्रॅगन काढणार? पण त्यातही एक मजा होती. सुई वर ओढली, खाली घातली, की ते हात हलला म्हणून पाऊल मोजायचं. दिवसभर बसून एक पंख भरला की अकरा हजार पावलं! संध्याकाळी लिंबर्तचा निरोप यायचा, शाब्बास आई, आज किती चाललीस! मी काही खुलासा केला नाही. आणि ज्या दिवशी खरोखर बाजारात गेले, पाठीवर बटाट्यांचं गाठोडं आणि दोन्ही हातांनी छातीवरची गाठ धरलेली, त्या दिवशी हात हलले नाहीत म्हणून पावलं चाळीस. रात्रीच्या जेवणाआधी त्याचा फोन, आई, बरं नाही का? आजारी आहेस का? आणि एकदा चार्के दगडाने ठेचत होते, तर घड्याळाला वाटलं बाई पडली. ते एक मिनिट थरथरतं, विचारतं पडलात का, बोट लावलं नाही तर ठरवलेल्या माणसाला आपणच फोन लावून देतं. माझे हात मांसाने बरबटलेले. लिंबर्त तेव्हा नवव्या आणि दहाव्या मजल्याच्या मधे अडकलेल्या लिफ्टच्या टपावर होता. त्याला फोनमधून नुसतं धप्प, धप्प, धप्प ऐकू आलं. तो म्हणतो मला वाटलं तू जिन्यावरून पडतेयस आणि जिना संपतच नाही.

आता तालमी. रविवारी तालीम, आणि माझा आकडा मला माहीत होता, त्यासाठी घड्याळ नको. मग मी शक्कल काढली. ती दोघं एकमेकांजवळ असली की बोलतात ना, मग त्यांना वेगळं ठेवायचं! फोन घरी टेबलावर, घड्याळ मनगटावर, मधे आठ गल्ल्या. काढून ठेवलं तर ते लगेच सांगतं हातातून काढलं म्हणून, पण हातात असेल आणि फोन जवळ नसेल तर कुणाला सांगणार? अशी खूश होते मी, सेवेरा! हातातली खुळखुळ्यासारखी मात्राका फिरवली, घागरा फिरवला, चार गिरक्या जास्तच घेतल्या. घरी आले, दार उघडलं, टोपी खुंटीला लावली आणि टेबलावरून आवाज आला, टुंग. सगळं साठवून ठेवलं होतं त्याने! दोन जावा पाणवठ्यावर भेटाव्यात तसं, भेटल्या भेटल्या दोन तासांचं सगळं ओकून मोकळं. दोन मिनिटांत लिंबर्त.

"आई, चार ते सहा काय करत होतीस?"

"बटाटे सोलत होते."

"बटाटे सोलताना एकशे बावन्न?"

"बटाटे मोठे होते."

त्याने फोन ठेवला आणि कास्तो मास्तरांना लावला. कास्तो मास्तर आमच्या नाचाचे मुख्य, बावीस वर्षं त्यांचा झगा मी भरतेय. दुसऱ्या दिवशी ते स्वतः गाळ्यावर आले, टोपी हातात, आणि माझ्याकडे न बघता माझ्या सुयांकडे बघत म्हणाले, "दोन्या बासिलिया, तुमचा मुलगा फोनवर रडत होता. एवढा मोठा बाप्या रडला की मला काही सुचत नाही. नाव काढलंय तुमचं."  मी गाळा बंद केला, घरी गेले, घड्याळ चुन्योच्या पोत्यात खोल खुपसलं आणि पलंगावर बसून रडले. मला राग लिंबर्तचा नव्हता. मला भीती माउलीची होती.

आता जे तुलाही सांगितलं नाही ते सांगते. तीन वर्षांपूर्वी लिंबर्तच्या फुप्फुसांत पाणी झालं तेव्हा दवाखान्याच्या दारात तू बसली होतीस. एकोणीस दिवस पोर यंत्राने श्वास घेत होतं. मी इकडून निघाले ती घाटात बर्फाने रस्ता बंद, बस परत फिरली. तू रोज फोन करून सांगायचीस, तसाच आहे कोमाद्रे, तसाच आहे. त्या परत फिरलेल्या बसमधून उतरून मी सामान घेऊन तशीच देवळात गेले आणि म्हटलं, माउली, याला उठव, मी तुझ्यापुढे तीन वर्षं नाचते. विसाव्या दिवशी तू सांगितलंस, डोळे उघडले. नवस ज्याच्या नावाने बोलायचा त्याला सांगायचा नाही असं माझी आई म्हणायची. आणि सांगितलं असतं तर तो जन्मभर माझ्यापुढे खाली मान घालून वागला असता. मला तसा मुलगा नको, भांडणारा हवा. झालं, मिळाला.

चार दिवसांनी मी पोत्यातून घड्याळ काढलं (एदुविहेसला लिंबर्त दर तासाला फोन करत होता, बाई वैतागली होती) आणि कास्तो मास्तरांना गाठलं. म्हटलं, मास्तर, गिरक्या नको. मात्राका नको. चौकापासून देवळापर्यंत सगळ्यांच्या मागून नुसती चालते. डॉक्टरने चालायला सांगितलंय. मास्तरांनी बराच वेळ माझ्या सुया बघितल्या आणि म्हणाले, चाला. मग महिनाभर मी घरातल्या घरात चालायला शिकले. घड्याळात बघायचे, एकशे दहा झाले की थांबायचे, श्वास घ्यायचे, परत पाऊल. त्या चहाडखोराचा सल्ला मी पहिल्यांदाच मनापासून ऐकला. लिंबर्तला सांगितलं, मी बाकावर बसून बघणार आहे. खोटं बोलले, माउली माफ करेल, तिच्याच कामासाठी होतं.

कार्निव्हलचा शनिवार. घड्याळ मनगटावर, फोन चोळीच्या आत, दोघांना जवळ ठेवलं, भांडण नको. मागून चालले. पुढे बँड, मुखवटे, माझ्या हातचे सत्तावीस झगे उन्हात चमकत होते, आणि माझे पाय आपोआप गिरकी घ्यायला जायचे आणि मी त्यांना दटावायचे. देवळाच्या दारात बँड थांबतो, सगळे मुखवटे काढतात आणि वेदीपर्यंत गुडघ्यांवर जातात. मला एवढं भरून आलं की मी हळू टेकायचं विसरले. धप्पकन गुडघ्यांवर पडले. मनगट थरथरलं. मला वाटलं काळीज आहे. थरथरू दे म्हटलं. आणि गुडघ्यांवर सरकत, रडत, मोठमोठ्याने माउलीशी बोलत पुढे गेले. काय बोलले ते नीट आठवत नाही, पण एकोणीस दिवस म्हणाले, यंत्र म्हणाले, बस म्हणाले. म्हणाले, हे घे तिसरं वर्ष, नाचले नाही, चालले, तेवढं पोटात घाल. आणि पोर माझ्यावर ओरडतं म्हणून त्याच्यावर रागावू नकोस, त्याला यातलं काही माहीत नाही.

तेवढ्यात माझ्या चोळीतून पुरुषाचा आवाज आला, "आई!"

एदुविहेस माझ्या मागेच गुडघ्यांवर होती. तिने तीनदा क्रूसाची खूण केली आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं विचारलं, "माउली बाप्याच्या आवाजात बोलते?" पाद्रीबाबा वळून बघायला लागले. मी फोन काढेपर्यंत आतून परत आवाज आला, पण आता हळू.

"आई, माझ्यासाठी?"

"नाहीतर काय एदुविहेसच्या कुत्र्यासाठी?" मी म्हटलं.

मग काय, तो तिकडे रडत होता, मी इकडे. लोक मला वळसा घालून गुडघ्यांवर पुढे जात होते. शेवटी त्याने नाक ओढलं आणि विचारलं, आकडा किती आहे बघ. मी बघितलं, एकशे अठरा. ठीक आहे, म्हणाला, उठताना कुणाचा तरी हात धर.

त्यानंतर आमचा नवा तह झाला. मी म्हटलं, नजर ठेवायची तर दोन्हीकडून. तू माझे ठोके बघणार तर मी तुझे बघणार, तूही बांध घड्याळ. त्याने बांधलं, एदुविहेसने त्याची माहिती माझ्या फोनवर येईल असं करून दिलं (परत दोन तास मांडीवर). तर असं हे सगळं. एकूण माझं मत विचारशील तर अशी वस्तू घरात आणू नकोस. माणसाला दुसऱ्याचं काही कळू नये हेच बरं. गोळ्या घेते, चालते, माझी काळजी करू नकोस, तुझा गुडघा सांभाळ. तुझ्या माणसांना माझे आशीर्वाद, आणि तुला पुन्हा एक मिठी, या वेळी हाडं मोडेपर्यंत.

तुझी वेण्यांवाली कोमाद्रे,
बासिलिया

ता. क. वर लिहिलंय की दुसऱ्याचं काही कळू नये. ते खरंच आहे. पण सकाळी उठल्यावर मी चहाच्या आधी लिंबर्तचा आकडा बघते. झोपेत छप्पन्न असतो. तेवढंच बघते आणि फोन ठेवते.

आणखी ता. क. तेवढंच बघते हे पूर्ण खरं नाही. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता त्याचा आकडा एकशे तीसवर जातो आणि तासभर तिथेच राहतो. मला वाटलं पोरगी. मी तर मनात साखरपुड्याचा केक पण ठरवला. मग मागच्या गुरुवारी माझा फोन किंचाळला, लिंबर्त पडला आहे. माझं घड्याळ मला म्हणायला लागलं खाली बसा, श्वास घ्या. मी फोन कानाला लावला, तर पलीकडे मोरेनादाचा बँड वाजत होता, आणि आपला पोरगा धापा टाकत स्वतःलाच म्हणत होता, "एक, दोन, तीन, वळ... उजवीकडे, गाढवा, उजवीकडे!" मी हळूच फोन ठेवला. रविवारी विचारलं, काय नवीन? तर म्हणतो, काही नाही, कपाटाला गुडघा आपटला. सेवेरा, ज्याने सहा वर्षांचा असताना शाळेच्या नाचात भलत्या बाजूला वळून ढोलावर उडी मारली, तो चाळिशीला टेकल्यावर भाड्याच्या खोलीत एकटा मोरेनादा शिकतोय. कुणासाठी ते मला कळत नाही असं नाही. पण नवस ज्याच्या नावाने बोलायचा त्याला सांगायचा नसतो, म्हणून मला काही माहीत नाही. आणि तुलाही काही माहीत नाही.

शेवटचं ता. क. पण चुन्यो द्यायच्या निमित्ताने गुरुवारी सातला तू सहज तिकडे जा. उजवी गिरकी तेवढी सुधारून दे, गुडघा दुखला तर खुर्चीत बसून ओरड, ते तुला छान जमतं. आणि मिठी मारताना ती लाल फीत त्याच्या पाठीमागून घाल आणि गाठी मार, एक छातीची, एक खांद्यांची. त्याला कळू देऊ नकोस, आणि गाठींसकट फीत मला परत पाठव. पुरुषाचा झगा भरायला मला आठ महिने लागतात, आत्ता सुरुवात केली तरच कार्निव्हलला होईल, आणि सगळं वजन खांद्यांवर येतं म्हणून माप चुकून चालणार नाही. या घड्याळाला त्याची झोप कळते, ठोके कळतात, तो कुठे धडपडला तेही कळतं. पण खांदे केवढे झालेत ते काही ते सांगत नाही, आणि मी त्याला शेवटचं पाहिलं त्याला पाच वर्षं झाली.